कांद्यात किरण राहतात का?

लासलगावात भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली कांद्यासाठी एक केंद्र उभं केलं. नाव ‘कृषक’, म्हणजे कृषी उत्पादन संरक्षण केंद्र. जाड काँक्रीटच्या भिंतींच्या खोलीत कोबाल्ट-६० असतो. कांदा त्या खोलीतून फिरून बाहेर येतो आणि मग त्याला मोड फुटत नाहीत. निफाड तालुक्यात याचं मोल काय, ते चाळीत कांदा भरून ठेवणाऱ्याला विचारावं. उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो, चाळीत पडतो आणि भाव चढेल या आशेवर दिवाळीपर्यंत तिथेच राहतो. पावसाळी हवा लागली की काही सडतो, काही सुकून वजनाला घटतो. भाद्रपद-अश्विनात उरलेल्यातला एखादा उभा चिरला तर मधोमध हिरवट कोंब शेंड्याकडे सरकलेला दिसतो. असा माल लिलावात आला की बोली खाली येते. तो कोंब रोखायचा, एवढंच या कोबाल्टचं काम.

हे ऐकल्यावर कोणीही विचारेल असा प्रश्न एकच असतो: मग ते किरण कांद्यात राहतात का? उत्तर ‘नाही’ असं आहे. पण आपल्याकडे हे उत्तर बहुधा ‘शास्त्रज्ञांनी तपासलंय, घाबरू नका’ एवढ्यावर संपतं. ज्याच्या ताटात तो कांदा पडणार, त्याला कारण कळण्याचा हक्क आहे, आणि कारण सांगायचं तर अणू आतून कसा आहे हे सांगावं लागतं. तेवढं सांगायला माणसाला दोन हजारांवर वर्षं लागली. या काळात अणूची अनेक चित्रं झाली, मोडली, पुन्हा काढली गेली. शाळेत ती ओळीने शिकवली जातात: डाल्टन, थॉमसन, रदरफोर्ड, बोर. जणू एक चुकला म्हणून दुसरा आला. मला या इतिहासाकडे दुसऱ्या बाजूने पाहावंसं वाटतं. लासलगावचा हा प्रश्न त्या प्रत्येकासमोर ठेवावा आणि कोण काय उत्तर देतो ते ऐकावं.

सुरुवात कणादांपासून. वैशेषिक दर्शनाचा युक्तिवाद असा, की वस्तूचे तुकडे करत गेलं तर ते कुठेतरी थांबलं पाहिजे. थांबलं नाही तर मेरू पर्वतालाही अनंत तुकडे आणि मोहरीलाही अनंत तुकडे, मग दोघांत मोठं कोण हे कसं ठरवणार? म्हणून शेवटचा, न तुटणारा परमाणू मानायचा. दोन परमाणूंचं द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक. आणि झरोक्यातून आलेल्या कवडशात तरंगताना दिसतो तो कण म्हणजे त्र्यणुक. म्हणजे दिसणाऱ्या सर्वात लहान गोष्टीपासून न दिसणाऱ्याकडे हिशेबाने जायचं. ही पद्धत पुढे सगळ्यांनीच वापरली.

आपल्या प्रश्नाच्या अगदी जवळचा एक वाद या मंडळींत झालेला आहे. कच्चा घडा आव्यात घातला की लाल होऊन निघतो. आगीने नेमकं काय बदललं? वैशेषिकांचं म्हणणं, आगीने घडा परमाणूंपर्यंत सुटा होतो, प्रत्येक परमाणूचा रंग पालटतो आणि ते परमाणू पुन्हा जुळून घडा बनतो. न्याय दर्शनाच्या नैयायिकांना हे पटेना. आव्यात घडा मोडून पुन्हा झाला म्हणता, मग त्यावर रचलेली दुसरी मडकी पडली कशी नाहीत? घडा आहे तसाच राहतो, त्याच्या अंगच्या बारीक छिद्रांतून उष्णता आत शिरते आणि रंग बदलते, असं त्यांचं म्हणणं. पिलुपाक आणि पिठरपाक या नावांनी हा वाद शतकानुशतकं चालला. लासलगावचा प्रश्न याच जातीचा आहे. बाहेरून दिलेली ऊर्जा वस्तूत किती खोल जाते? वैशेषिकांनी निःशंकपणे सांगितलं असतं, की पार परमाणूपर्यंत जाते आणि त्याचे गुण बदलते.

‘आमच्याकडे हे आधीच होतं’ म्हणून टाळ्या घेणाऱ्यांना इथे थोडं थांबवायला हवं. कणादांचा परमाणू पृथ्वी, आप, तेज आणि वायू असा चार जातींचा होता. त्याचं वजन करायची सोय नव्हती, आणि दोन पंडितांत मतभेद झाला तर निकाल द्यायला तर्काखेरीज काही नव्हतं. म्हणून तो वाद इतका सुंदर आहे आणि म्हणूनच तो मिटला नाही.

वजनाचा काटा आणला तो मँचेस्टरच्या जॉन डाल्टनने. हा शिकवण्या करून राहणारा मास्तर. १८०८ साली त्याचं पुस्तक आलं. त्यातला मुख्य मुद्दा हिशेबाचा आहे. ठरावीक कार्बनशी जुळताना ऑक्सिजन एका वायूत जेवढा लागतो, दुसऱ्यात बरोबर त्याच्या दुप्पट लागतो. दीडपट किंवा पावणेदोनपट नाही. अशी पूर्ण संख्या यायची तर पदार्थ सुट्या नगांनी बनलेला असला पाहिजे. डाल्टनचा अणू म्हणजे एक भरीव, अभेद्य गोळी, प्रत्येक मूलद्रव्याची वेगळ्या वजनाची. हे चित्र आता बालिश वाटतं, पण द्राक्षबागाईतदार आजही त्यावरच चालतो. युरियाच्या ६० भार भागांत नायट्रोजन २८, म्हणून गोणीवर ४६ टक्के नत्र लिहिलेलं असतं. ते गणित करायला गोळीच्या आत काय आहे हे माहीत असण्याची गरज पडत नाही.

डाल्टनला आपला प्रश्न विचारला तर तो म्हणाला असता: राहणार नाहीत, अणू मुळी बदलतच नाही. उत्तर बरोबर, कारण चूक. याच कारणाने त्याने कोबाल्ट-६० असूच शकत नाही असंही म्हटलं असतं, कारण हा कोबाल्ट आपोआप निकेल होत असतो आणि डाल्टनच्या जगात एक मूलद्रव्य दुसरं होत नाही.

एकोणिसावं शतक संपत आलं तरी ‘अणू कोणी पाहिलाय?’ असं विचारणारे अर्न्स्ट माख यांच्यासारखे मोठे लोक होते. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांची अखंड थरथर रॉबर्ट ब्राऊनने १८२७ मध्ये नोंदली होती. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने तिचा हिशेब मांडला, आणि पुढच्या चार वर्षांत झाँ पेराँने मोजमाप करून तो पडताळला. त्यानंतर अणू आहे की नाही हा वाद जवळजवळ संपला. तो आहे कसा, हा वाद मात्र तोवर निराळ्याच वाटेने सुरू झाला होता, आणि त्या वाटेवरची काही ठाणी महाराष्ट्रात आहेत.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात विजयदुर्ग किल्ल्यावर साहेबाचे ओटे दाखवतात. हेलियमचा शोध इथे लागला, असं तिथे सांगितलं जातं आणि १८ ऑगस्टला तो दिवस साजराही होतो. गोष्ट थोडी वेगळी आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रान्सचा झान्सेन गुंटूरला होता. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट पाहताना पिवळ्या भागात एक तेजस्वी रेघ दिसली. नॉर्मन लॉकियरने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, इंग्लंडमधूनच ती रेघ पाहिली आणि ती ओळखीच्या कुठल्याही मूलद्रव्याची नाही असं ठरवलं. लॉकियर विजयदुर्गला आला खरा, पण तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, म्हणजे तीस वर्षांनी. त्याच ग्रहणासाठी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली यंत्रं घेऊन गेले होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात उभारलेली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा त्यांनी चालवली. तिथली वीस इंची परावर्तक दुर्बीण तेव्हा देशातली सर्वात मोठी होती, आणि त्यांचा विषयच वर्णपटांचा होता. विजयदुर्गला एवढी खरी ग्रहणकथा मिळालेली असताना उसनी कशाला सांगायची? शिवाय जेऊर स्टेशनवरून रोज गाड्या जातात, पण नायगमवालांचं नाव तिथल्या किती जणांना माहीत असेल?

या माणसांकडे रेघांचे ढीग होते. सोडियमच्या पिवळ्या दोन, हायड्रोजनची तांबडी, निळसर हिरवी, जांभळी. प्रत्येक मूलद्रव्याची रेघांची ठेवण वेगळी, कधी न बदलणारी. बाझेलच्या एका शाळेतले शिक्षक योहान बामर यांनी १८८५ मध्ये हायड्रोजनच्या रेघांच्या तरंगलांब्यांना एका साध्या सूत्रात बसवलं. सूत्र चालत होतं, पण का चालतं हे बामर यांनाही ठाऊक नव्हतं. अभेद्य गोळी अशा ठरावीक रंगांत का उजळेल? गोळीच्या आत काहीतरी रचना आहे, हे या रेघा पन्नास वर्षं सांगत होत्या, आणि ते वाचायची लिपी कोणाजवळ नव्हती.

१८९७ मध्ये जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन दाखवला. हायड्रोजनच्या अणूच्या सुमारे अठराशेव्या भागाएवढा हलका, ऋणभारित, आणि कुठल्याही धातूतून काढला तरी तोच. अभेद्यतेला तडा गेला. १९०४ च्या त्याच्या चित्रात धनभार अणूभर पसरलेला आहे आणि त्यात इलेक्ट्रॉन कड्याकड्यांनी बसलेले आहेत. त्याच वर्षी टोकियोच्या हंतारो नागाओकाने शनीच्या कड्यांसारखी रचना सुचवली: मध्ये जड धनभार, भोवती इलेक्ट्रॉनची कडी. त्याची दखल फारशी घेतली गेली नाही.

१९०४ मधल्या एखाद्या प्रामाणिक भौतिकशास्त्रज्ञाला लासलगावचा प्रश्न विचारला असता तर तो ‘सांगता येत नाही’ म्हणाला असता. बेक्रेलने १८९६ मध्ये युरेनियममधून किरण निघतात हे पाहिलं होतं. रदरफोर्ड आणि सॉडी यांनी थोड्याच वर्षांत दाखवलं, की किरण फेकताना अणू स्वतः दुसऱ्या मूलद्रव्याचा होतो. आता थॉमसनच्या अणूत हलणारं, सुटणारं असं जे काही आहे ते इलेक्ट्रॉनच. म्हणजे रेडियमचा अणू फुटतो तोही इलेक्ट्रॉनांची बसणी बिघडल्यामुळेच असणार. मग बाहेरून किरण टाकून कांद्यातल्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवले, तर त्या अणूंचीही बसणी बिघडणार नाही कशावरून? या चित्राच्या आधारे ती भीती खोडून काढायला काहीच सापडत नाही. किरणांच्या नावाने आज जी भीती वाटते तिला मी अडाणीपणा म्हणणार नाही. ती १९०४ च्या विज्ञानाला धरून आहे.

मग आला तो सोन्याचा वर्ख. मँचेस्टरला रदरफोर्डच्या हाताखाली हान्स गायगर आणि वीस वर्षांचा विद्यार्थी अर्नेस्ट मार्सडेन अल्फा कण धातूच्या पातळ पापुद्र्यावर मारत होते. अंधारात डोळे सरावेपर्यंत बसायचं आणि मग सूक्ष्मदर्शकातून झिंक सल्फाइडच्या पडद्यावरचे मिणमिणते ठिपके एक एक करून मोजायचे, असं ते काम. जवळजवळ सगळे कण सरळ जात होते, थोडे किंचित वळत होते. पण ०.००००४ सेंटीमीटर जाडीच्या सोन्यातून जाताना २०,००० मध्ये एखादा काटकोनाएवढा वळत होता. थॉमसनच्या पसरलेल्या धनभाराला अल्फाला इतका वळवण्याची ताकद नव्हती. रदरफोर्डने दीड-दोन वर्षं गणित केलं आणि १९११ मध्ये लिहिलं, की धनभार आणि जवळजवळ सगळं वस्तुमान मध्यभागी एका अतिशय लहान जागेत कोंबलेलं असलं पाहिजे. तेच केंद्रक.

यात हेलियमची गंमत आहे. ग्रहणात दिसलेलं हे मूलद्रव्य १८९५ मध्ये विल्यम रॅमसेला पृथ्वीवर सापडलं ते एका युरेनियमयुक्त खनिजात. अल्फा कण म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला हेलियमच, हे रदरफोर्ड आणि रॉइड्स यांनी १९०८ च्या सुमारास सिद्ध केलं. म्हणजे खनिजात साठलेला हेलियम हा युगानुयुगं निघत आलेल्या अल्फा कणांचाच साठा होता. ज्या पिवळ्या रेघेचा अर्थ लागत नव्हता, तिच्याच धन्याने अणूचं पोट उघडून दाखवलं.

केंद्रक किती लहान? कोबाल्टचाच अणू घ्या. त्याचं केंद्रक पाच सेंटीमीटरच्या कांद्याएवढं मानून लासलगावच्या बाजार समितीच्या आवारात ठेवलं, तर त्या अणूची हद्द चारी बाजूंना साडेसहाशे मीटरवर जाईल. मधल्या सगळ्या मुलखात कोबाल्टचे फक्त २७ इलेक्ट्रॉन. वजन जवळजवळ सगळं त्या कांद्यात.

हे चित्र आलं त्या दिवशीच अडचणीत होतं. फिरणारा विद्युतभार प्रकाश फेकत ऊर्जा गमावतो, हा जुना नियम. त्याप्रमाणे इलेक्ट्रॉन डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी केंद्रकात कोसळायला हवा. जग टिकून आहे ते या नियमाला न जुमानता. १९१३ मध्ये नील्स बोरने ही अडचण सोडवली नाही, तिला हुकूम देऊन गप्प केलं: इलेक्ट्रॉन ठरावीक कक्षांतच राहील, तिथे असताना प्रकाश फेकणार नाही, एका कक्षेतून दुसरीत उडी मारली तरच फेकेल. का, ते विचारू नका. पण त्या हुकमातून बामर यांचं सूत्र जसंच्या तसं बाहेर पडलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या शाळामास्तरच्या आकड्यांना अर्थ मिळाला. आपल्या प्रश्नासाठी अधिक महत्त्वाचं म्हणजे बोरने कामाची स्पष्ट वाटणी केली. रंग, रेघा, रासायनिक संयोग हे सारं बाहेरच्या इलेक्ट्रॉनांचं. किरणोत्सर्ग हा केंद्रकाचा. दोन खाती वेगळी झाली.

याच वर्षी हेन्री मोझली क्ष-किरणांच्या रेघा मोजत होता. कोबाल्ट आणि निकेल यांचं एक जुनं भांडण होतं. वजन पाहिलं तर निकेल हलका, म्हणून आधी यायला हवा; रासायनिक वागणूक पाहिली तर कोबाल्ट आधी. मोझलीच्या मोजणीत कोबाल्ट २७ आणि निकेल २८ निघाला. क्रम वजनाने लागत नाही, केंद्रकातल्या धनभाराने लागतो. मूलद्रव्याची ओळख केंद्रकात आहे, यावर याहून स्वच्छ पुरावा नव्हता. मोझली १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला, तेव्हा तो २७ वर्षांचा होता.

बोरचं चित्र हायड्रोजनला लागू पडलं आणि हेलियमवर अडलं. दोन इलेक्ट्रॉन आले की हिशेब चुकायला लागला. १९२५-२६ मध्ये हायझेनबर्ग, श्रोडिंगर, बॉर्न यांनी कक्षाच काढून टाकल्या. इलेक्ट्रॉन अमुक वाटेने फिरतो असं म्हणता येत नाही; तो कुठे सापडण्याची शक्यता किती, एवढंच सांगता येतं. हेलियमचं कोडं त्यानंतर सुटलं. ही गोष्ट जवळजवळ शंभर वर्षं जुनी झाली तरी शाळेच्या भिंतीवर, विज्ञान प्रदर्शनाच्या कमानीवर, इतकंच काय आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बोधचिन्हावरही मध्ये ठिपका आणि भोवती लंबवर्तुळं हेच चित्र आहे. बारा-तेरा वर्षं टिकलेलं मॉडेल शतकभर भिंतीवर टिकलं. ते खोटं आहे म्हणून पुसावं असं मी म्हणत नाही. दोन खाती वेगळी आहेत हे त्यातून मुलांना दिसतं, आणि लासलगावसाठी तेवढा भाग पुरेसा आहे.

तरीही १९३२ पर्यंत उत्तर पक्कं नव्हतं. तोवर केंद्रकात प्रोटॉनबरोबर काही इलेक्ट्रॉनही असतात असं मानलं जाई. मग दोन खाती वेगळी कसली? १९३२ मध्ये जेम्स चॅडविकने न्यूट्रॉन शोधला. केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन सगळे बाहेर. किरणोत्सर्गात केंद्रकातून इलेक्ट्रॉन निघतो तो आत साठवलेला नसतो, न्यूट्रॉनचा प्रोटॉन होताना त्या क्षणी जन्मतो, हे फर्मीने १९३४ मध्ये मांडलं. न्यूट्रॉनवर भार नसल्याने त्याला केंद्रक दूर ढकलत नाही. तो थेट आत शिरू शकतो.

कोबाल्ट-६० बनतो तो असाच. साध्या कोबाल्टच्या केंद्रकात २७ प्रोटॉन आणि ३२ न्यूट्रॉन असतात. अणुभट्टीत ठेवला की एक न्यूट्रॉन आत शिरतो आणि ३३ होतात. ट्रॉम्बेला ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही आशियातली पहिली अणुभट्टी सुरू झाली तेव्हापासून अशा कामाचं दार आपल्याकडे उघडलं. कोबाल्ट-६० आता राजस्थानातल्या रावतभाट्याच्या अणुवीजभट्ट्यांत तयार होतो. तो जादा न्यूट्रॉन कोबाल्टला पेलत नाही. त्याचा प्रोटॉन होतो, एक इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, कोबाल्टचा निकेल होतो, म्हणजे मोझलीच्या यादीत पुढचं घर. उरलेली ऊर्जा दोन गॅमा किरणांतून निघते, १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट.

गॅमा हा प्रकाशाचाच प्रकार. कांद्यात शिरल्यावर तो बहुतेक वेळा एखाद्या इलेक्ट्रॉनला धडकतो आणि त्याला उडवतो. ही धडक कशी होते ते कॉम्प्टनने १९२३ मध्ये दाखवलं होतं. इलेक्ट्रॉनला अणूतून सुटायला दहा-बारा इलेक्ट्रॉन व्होल्ट पुरतात. गॅमाजवळ त्याच्या लाखपट असतात, म्हणून एका धडकेतून हजारो इलेक्ट्रॉन सुटतात. कांद्यातल्या पाण्याचे रेणू तुटतात, त्यांचे तुकडे पेशींतल्या डीएनएला बाधतात. कांद्याच्या मांसल पाकळ्यांतल्या पेशींना आता विभागायचंच नसतं, त्यांचं फारसं अडत नाही. कोंब ज्या पेशींतून यायचा, त्यांना विभागता येत नाही आणि कोंब बसतो. या कामाला किलोमागे ६० ते ९० ज्यूल ऊर्जा लागते. तेवढ्याने कांद्याचं तापमान अंशाच्या साठाव्या भागाएवढं वाढेल. तेवढी ऊर्जा चुलीतून दिली तर काहीही होणार नाही, कारण ती सगळ्या रेणूंत वाटली जाईल. गॅमातून ती मोजक्या ठिकाणी मोठ्या नगांनी पडते.

आता केंद्रकाचं. कांदा ज्या मुख्य मूलद्रव्यांचा बनलेला असतो त्यांत केंद्रकातून न्यूट्रॉन उडवायला सर्वात कमी ऊर्जा लागते ती जड हायड्रोजनला, २.२ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट. कार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजन यांना त्याहून कितीतरी जास्त. कोबाल्टचा गॅमा १.३३ वर संपतो. तो कांद्यातलं एकही केंद्रक फोडू शकत नाही, आणि केंद्रक बदललं नाही तर कांदा किरणोत्सर्गी होत नाही. कोबाल्टला किरणोत्सर्गी करणारा न्यूट्रॉन या खोलीत येतच नाही. किरण कांद्यात शिरतात, इलेक्ट्रॉनांवर खर्च होतात, संपतात. म्हणून राहत नाहीत.

कांदा आधीपासूनच थोडा किरणोत्सर्गी आहे, हेही सांगून टाकावं. किलोभर कांद्यात दीडएक ग्रॅम पोटॅशियम असतं, आणि निसर्गातल्या कुठल्याही पोटॅशियमचा एक बारीक हिस्सा पोटॅशियम-४० असतो. त्या किलोभर कांद्यात दर सेकंदाला चाळीस-पंचेचाळीस अणू फुटत असतात. चाळीतल्याही, ‘कृषक’मधून आलेल्याही, सेंद्रिय म्हणून दुप्पट भावाने घेतलेल्याही.

म्हणजे कांद्याचं दुखणं यातून मिटलं असं नाही. सड आणि वजनातली घट किरणांनी थांबत नाही. त्याला हवेशीर चाळ किंवा शीतगृहच लागतं. कांदा काढणीनंतर सुप्तावस्थेत असतानाच किरण द्यावे लागतात. आत कोंब हलू लागल्यावर दिले तर त्याचा करपलेला तपकिरी डाग राहतो. गाडीभाडं, खर्च आणि पुढचा भाव यांचा मेळ प्रत्येकाला बसत नाही. गंमत म्हणजे कांद्यासाठी बांधलेल्या या केंद्राचं नाव दूरवर गेलं ते आंब्यामुळे. २००७ मध्ये अमेरिकेची दारं भारतीय आंब्याला उघडली, तेव्हा कोयीतल्या भुंग्याचा बंदोबस्त करायला कोकणचा हापूस लासलगावला आला. त्याला किमान ४०० ग्रे, म्हणजे किलोमागे ४०० ज्यूल, मात्रा द्यावी लागते, कांद्याच्या साडेचार ते साडेसहापट.

आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘अणूचे अंतरंग’ हा धडा आहे. निफाड, येवला, चांदवड या तालुक्यांतले शिक्षक तो शिकवताना वर्गात एक कांदा उभा चिरून हा प्रश्न विचारू शकतील. मुलं घरी जाऊन चाळीवर हीच चर्चा करतील, आणि माझा अंदाज आहे की ती लंबवर्तुळांपेक्षा जास्त लक्षात राहील.

एक गोष्ट मात्र त्या मुलांना खरी सांगायला हवी. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं आहे. आज असलेल्या अणूंपैकी निम्मे तेवढ्या काळात निकेल होतील, हे पैज लावून सांगता येतं. शेजारी शेजारी बसलेल्या दोन अणूंपैकी आधी कोणता जाईल, हे आजचं कुठलंही मॉडेल सांगत नाही, आणि क्वांटम सिद्धान्ताप्रमाणे ते सांगता येणारही नाही. केंद्र चालवणाऱ्यांना त्याची फिकीर नसते. स्रोत वर्षाला सुमारे सव्वाबारा टक्के क्षीण होतो, तेवढा कोबाल्ट भरावा लागतो. नाही भरला तर त्याच मात्रेसाठी कांदा खोलीत अधिक वेळ ठेवावा लागतो.